विलायतेतील स्कूल बोर्ड आणि बायकांची उमेदवारी



आपल्या घरात किंवा नात्यात कोणी जुने प्राथमिक शिक्षक होऊन गेले असतील, तर 'स्कूल बोर्ड' हा शब्द आपण त्यांच्या तोंडून खास ऐकला असेल. बदली असो, पगारबिल असो, की पावसाळ्याच्या आधी शाळेवर कौले चढवायची असोत, सगळ्याची दोरी बोर्डाच्या हाती. पुढे १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि तो कारभार त्यांच्याकडे गेला. बोर्ड गेले, पण शब्द काही वर्षे जिभेवर राहिला. हा शब्द विलायतेतला, आणि शाळेचा कारभार गावाने निवडून दिलेल्या माणसांनी पाहावा ही कल्पनाही तिथे वाद घालून, भांडून रुजलेली आहे. त्या भांडणाची हकिगत आज आपल्याला सांगायची आहे. तिच्यातला सर्वांत मोठा भाग बायकांचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

इंग्लंड म्हणजे सुधारलेला देश, तिथे शाळा पहिल्यापासून असणारच, असे आपण धरून चालतो. वास्तविक १८७० पर्यंत तिथे सरकारी म्हणावी अशी प्राथमिक शाळा नव्हतीच म्हटले तरी चालेल. शाळा होत्या त्या धर्मसंस्थांनी काढलेल्या. सरकार १८३३ पासून त्यांना अनुदान देई. ज्या गावात पाद्री खटपट्या, त्या गावात शाळा. जिथे तो आळशी, तिथे पोरे गल्लीत. कापडाच्या आणि लोखंडाच्या गिरण्या वाढल्या, शहरे फुगली आणि त्या शहरांतल्या पोरांना बसायला बाके उरली नाहीत. अशात १८६७ मध्ये शहरांतल्या पुष्कळ कामगारांना पार्लमेंटसाठी मत मिळाले. ज्याच्या हाती मत गेले त्याला वाचता आले पाहिजे, ही जाणीव मग वरच्या लोकांनाही झाली. विल्यम फॉर्स्टर या मंत्र्याने बिल आणले आणि ऑगस्ट १८७० मध्ये त्याचा कायदा झाला.

कायदा तसा सावध होता. धर्मसंस्थांच्या शाळांना त्याने हात लावला नाही. जिथे शाळा पुऱ्या पडत नाहीत तिथे स्कूल बोर्ड निवडायचे, बोर्डाने घरपट्टीबरोबर शाळेसाठी पट्टी बसवायची आणि त्या पैशातून शाळा बांधून चालवायची. बोर्डात कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त १५ मेंबर, मुदत तीन वर्षांची. लंडनसाठी मात्र निराळी सोय. तिथे बोर्ड झालेच पाहिजे असे कायद्यानेच ठरवून टाकले. शहराचे दहा भाग पाडले आणि मेंबर ठेवले ४९.

आता मत कोणाला? जो पट्टी भरतो त्याला. आणि इथेच मौज झाली. पट्टीच्या वहीत नाव असते घर ज्याच्या नावावर त्याचे. एखादी विधवा घर चालवीत असेल, एखादी बिनलग्नाची बाई स्वतःच्या कमाईवर राहत असेल, तर वहीत नाव तिचे. म्हणजे मत तिलाही. पार्लमेंटच्या निवडणुकीत इंग्लंडमधल्या बाईला मत मिळायला १९१८ साल उजाडावे लागले, तेही तिशी ओलांडलेल्यांपुरते. पण शाळेच्या निवडणुकीत ते १८७० मध्येच मिळाले. लग्न झालेलीचे घर नवऱ्याच्या नावावर, म्हणून तिला मत नाही. तरीही तिला उभे राहायला मात्र बंदी नाही! कारण उमेदवार पुरुषच पाहिजे, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नव्हते. मत नाही आणि मेंबर होता येते, असा हा चमत्कारिक प्रकार.

मत देण्याची रीतही आपल्याला नवलाची वाटेल. जितक्या जागा तितकी मते प्रत्येकाला. पण ती मते वाटून द्यावीत अशी सक्ती नाही. सात जागा असतील तर सात जणांना एकेक द्या, नाहीतर सातही मते एकाच्याच पदरात टाका. हेतू असा की, गावात जो लहान गट असेल, कॅथलिक म्हणा की आणखी कोणी, त्यांनी आपली मते एकवटून निदान एक माणूस तरी बोर्डात धाडावा. मुले सगळ्यांची, तेव्हा बोर्डातही सगळे हवेत, हा विचार त्यामागे होता आणि मला तो शहाणपणाचा वाटतो.

पण ही रीत ज्याला कळली नाही त्याची फजिती ठरलेली. बर्मिंगहॅम शहराची गोष्ट घ्या. तिथे लिबरल पक्षाचा जोर मोठा. शिक्षण सर्वांना मिळावे आणि त्यात कोणा एका पंथाचा वरचष्मा नसावा, म्हणून ज्यांनी देशभर चळवळ केली, त्यांचे ते मुख्य ठाणे. बोर्डाच्या जागा १५. या मंडळींनी १५ च्या १५ उमेदवार उभे केले, कारण आपलाच गाव, कोणाला मागे ठेवायचे? साहजिकच मते पंधरा वाटा फुटली. समोरच्या चर्चवाल्यांनी मोजून आठ माणसे उभी केली. कॅथलिकांनी एकच पाद्री उभा केला आणि त्यांच्या माणसांनी आपली पंधराच्या पंधरा मते त्याच्या नावे टाकली. निकाल काय? कॅथलिक पाद्री पहिल्या नंबरने आला, चर्चवाले आठही आले आणि ज्यांच्या बाजूला गावाची बहुतेक मते होती त्या लिबरलांना मिळाल्या सहा जागा. तीन वर्षांनी, १८७३ मध्ये, त्यांनी धडा घेतला. आठच माणसे उभी केली, आठही निवडून आणली आणि त्यांचा पुढारी जोसेफ चेंबरलेन बोर्डाचा चेअरमन झाला. ग्रामपंचायतीच्या पॅनेलचे गणित ज्यांनी कधी केले असेल, त्यांना ही गोष्ट अधिक फोड करून सांगायला नको.

आता लंडनला जाऊ. तिथला मेरिलबोन हा भाग सात जागांचा. या भागात बायका-मुलांसाठी एक लहानसा दवाखाना होता. तो १८६६ मध्ये काढला डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट यांनी. या बाईंची हकिगत थोडक्यात सांगितली पाहिजे, त्यावाचून पुढचे नीट कळायचे नाही. त्यांना डॉक्टर व्हायचे होते आणि एकही वैद्यकीय कॉलेज बाईला घेईना. त्यांनी खासगी शिकवण्या लावल्या आणि औषधविक्यांच्या एका जुन्या संस्थेची परीक्षा शोधून काढली, कारण त्या संस्थेच्या नियमांत बाईला मनाई लिहिलेली नव्हती. १८६५ मध्ये त्या ती परीक्षा पास झाल्या. लागलीच त्या संस्थेने नियम असा बदलला की, पुन्हा कोणी बाई त्या वाटेने येऊ नये. बाई आत आल्या आणि त्यांच्या पाठीमागे दार बंद झाले. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे आणखी एक दार असेच बंद होणार आहे.

१८७० च्या शरद ऋतूत मेरिलबोनमधली काही कामकरी माणसे त्यांच्याकडे आली. त्यांच्या बायका-पोरांना या बाईंनी औषधपाणी केलेले होते. त्यांनी गळ घातली की, बोर्डासाठी आपण उभे राहावे. बाईंच्या पोटात भीतीचा गोळा आला. आजारी माणसाच्या उशाशी बसणे निराळे आणि भर सभेत शेकडो पुरुषांसमोर उभे राहून मत मागणे निराळे. त्या काळी चांगल्या घरच्या बाईने जाहीर सभेत तोंड उघडणे म्हणजे केवढा गहजब! परंतु आपली मैत्रीण एमिली डेव्हिस हिला लिहिलेल्या पत्रात त्यांनी जो विचार मांडला तो मोठा रोखठोक आहे. एकीकडे बायकांना सार्वजनिक कामात घ्या म्हणून मागणी करायची आणि दुसरीकडे चारचौघांच्या नजरेपासून लपून राहायचे, या दोन गोष्टी एका वेळी जमायच्या नाहीत, असा त्याचा आशय. त्या उभ्या राहिल्या. त्यांच्या प्रचार समितीची धुरा जेम्स अँडरसन नावाच्या गृहस्थांनी उचलली. हे गृहस्थ जहाजांच्या धंद्यातले. त्यांचे काम बाईंना इतके पसंत पडले की, पुढल्याच फेब्रुवारीत दोघांचे लग्न झाले. निवडणुकीत माणसे तुटतात असे आपण म्हणतो, इथे उलटे घडले.

२९ नोव्हेंबर १८७० रोजी मतदान झाले. लंडनमध्ये, जुनी सिटी सोडली तर, मत गुप्त चिठ्ठीने द्यायचे होते. पार्लमेंटच्या निवडणुकीत ही सोय आणखी दोन वर्षांनी आली. तोवर तिथे मत द्यायचे ते सर्वांसमक्ष ओरडून, मालकाच्या आणि घरमालकाच्या देखत. इथे ती धास्ती नव्हती. मेरिलबोनचा निकाल लागला तेव्हा सगळे लंडन थक्क झाले. डॉक्टर गॅरेट यांना ४७,८५८ मते! साऱ्या लंडनमध्ये एवढी मते कोणालाच नव्हती. त्याच भागात दुसऱ्या नंबरला कोण होते? टॉमस हक्सले, डार्विनच्या मताचा कैवार घेणारे नामांकित शास्त्रज्ञ. त्यांना १३,४९४. म्हणजे बाईंना शास्त्रीबुवांच्या साडेतीनपट.

या आकड्याचा अर्थ मात्र जपून लावला पाहिजे. ४७ हजार मते म्हणजे ४७ हजार माणसे नव्हेत. एकेकाला सात मते होती, हे आपण पाहिलेच. सगळ्यांनी सातही मते बाईंना दिली असे धरले तर मतदार होतात ६ हजार ८३७ च्या आसपास. खरा आकडा त्याहून अधिक. म्हणजे माणसे काही हजार, पण त्यांतल्या पुष्कळांनी आपले सगळे माप एकाच पारड्यात ओतलेले. इतिहासात आकडा दिसला की आपण भारावून जातो. तो कशा रीतीने मोजला हे विचारायला शाळेतल्या मुलांनाही शिकवावे, असे मला शिक्षक म्हणून वाटते.

ग्रिनिच भागातून एमिली डेव्हिसही निवडून आल्या. त्यांनी वर्षभरापूर्वीच मुलींसाठी कॉलेज काढले होते, तेच पुढे केंब्रिजचे गर्टन कॉलेज झाले. तिकडे मँचेस्टरला लिडिया बेकर या बाई बोर्डात आल्या त्या १८९० मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिल्या. लंडनच्या फिन्सबरी भागातून बेंजामिन लुक्राफ्ट नावाचा एक सुतार निवडून आला. खुर्च्या-कपाटे करून पोट भरणारा हा माणूस लॉर्डांच्या, पाद्र्यांच्या, प्रोफेसरांच्या मांडीला मांडी लावून बसला. पण ४९ जणांत कामकरी वर्गातला तो एकटाच. मेंबरकी बिनपगारी होती. ज्याला रोज कमवून खायचे त्याने कसे यावे, याचे उत्तर कायद्याने दिलेले नव्हते.

लंडन बोर्डाचा पहिला चेअरमन निवडला गेला त्याचे नाव आपल्याला ओळखीचे आहे. लॉर्ड लॉरेन्स! १८५७ च्या धामधुमीत पंजाबचा कारभार पाहणारे, आणि १८६४ ते १८६९ हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले तेच हे लॉरेन्ससाहेब. कोट्यवधी लोकांवर हुकमत चालवलेला माणूस आता सुतार आणि बाया ज्या बैठकीत बसतात तिथे हात वर करून मते मोजू लागला.

इथे थोडा थांबतो, कारण आपल्या शेतकऱ्याची आठवण झाल्यावाचून राहात नाही. त्याच सुमाराला आपल्या मुंबई इलाख्यात काय चालले होते? १८६३ पासून साऱ्याच्या रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' बसवलेला होता आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी. म्हणजे शाळेची पट्टी आपलाही शेतकरी भरीतच होता, विलायतेच्या आधी भरीत होता! पण तिथल्या पट्टीबरोबर मत आले, इथल्या पट्टीबरोबर आली फक्त पावती. फंडाच्या कमिटीवर कलेक्टरसाहेब आणि सरकारने नेमलेली मंडळी. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले, त्यात हेच दुखणे मांडले आहे. रयतेकडून उत्पन्न घ्यायचे आणि ते खर्चायचे वरच्या वर्गाच्या शिक्षणावर, हा न्याय कुठला, असे त्यांनी सरकारला विचारले. निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा, अशीही मागणी केली. पुढे १९११ मध्ये नामदार गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे बिल मांडले तेव्हा नमुना म्हणून आयर्लंडच्या १८९२ च्या कायद्याबरोबर इंग्लंडच्या या १८७० च्या कायद्याचाही आधार दिला. मार्च १९१२ मध्ये ते बिल ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. लॉरेन्ससाहेबांच्या देशात जे बेचाळीस वर्षांपूर्वी झाले, ते त्यांच्या जुन्या अमलातल्या मुलखाला तेव्हाही जड वाटले.

बरे, निवडून आल्यावर मेंबरांनी केले काय? पहिला खटका उडाला तो धर्मशिक्षणावर. बायबल शिकवावे की नाही, शिकवले तर कोणाच्या पंथाचे? कायद्यात तोड अशी होती की, बोर्डाच्या शाळेत कोणा एका पंथाची प्रश्नोत्तरी शिकवायची नाही. लंडन बोर्डाने १८७१ मध्ये ठरवले की बायबल वाचावे, समजावून सांगावे, पण मुलाला आपल्या पंथात ओढू नये. हा ठराव आणणारे डब्ल्यू. एच. स्मिथ म्हणजे रेल्वे स्टेशनांवर पुस्तके-वर्तमानपत्रे विकणारे मोठे दुकानदार. हक्सले स्वतः चर्चचे टीकाकार, पण बायबल शाळेतून काढून टाकू नका असेच त्यांनी सांगितले. अभ्यासक्रम ठरवणारी कमिटी त्यांच्याकडे होती. गटारापासून विद्यापीठापर्यंत चढत जाणारी शिडी देशातल्या प्रत्येक मुलासाठी उभी केली पाहिजे, ही त्यांची कल्पना पुष्कळ गाजली. प्रकृती ढासळली म्हणून ते १८७२ च्या आरंभी बाहेर पडले.

दुसरा खटका सक्तीचा. पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना शाळेत धाडलेच पाहिजे असा पोटनियम करण्याचा अधिकार बोर्डांना होता, आणि लंडनने तो वापरला. पण शाळेला फी होती, आठवड्याला काही पेनी. जिच्या घरात चार पोरे आणि धुणी धुऊन चूल पेटवायची, त्या बाईने फी कुठून आणावी? बोर्डाचा माणूस दाराशी येऊन दंडाची भीती घाली. 'पोरीला शाळेत धाडले तर धाकट्याला कोण सांभाळील?' हा प्रश्न लंडनच्या चाळीतही होता, तो काही आपल्याच वाडीवस्तीवरचा नव्हे. देशभर हजेरी सक्तीची झाली १८८० मध्ये आणि बहुतेक शाळांची फी गेली १८९१ मध्ये. मधल्या काळात किती घरांत पोरांच्या शाळेपायी उपास पडले असतील, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

खेड्यांतली गोष्ट तर आणखी निराळी. तिथल्या पाच जणांच्या बोर्डात बहुधा मोठे शेतकरी असायचे. पट्टी वाढू नये हाच पुष्कळांचा निवडणुकीचा जाहीरनामा. पाखरे राखायला, बटाटे काढायला, सुगीला पोरे हवीत ती यांनाच. आणि त्याच पोरांना शाळेत बसवण्याचा नियम राबवायचा तोही यांनीच! मग हजेरीपुस्तकात मुले कमी दिसली तर बोर्डाने कानाडोळा करावा आणि इन्स्पेक्टरचा राग मास्तरांनी सोसावा, असे पुष्कळ ठिकाणी चाले. ऐकणाऱ्या गुरुजींना हे वर्णन फार लांबचे वाटू नये.

बायका बोर्डात जाऊन काय दिवे लावणार, असे तेव्हाही बोलले जाई. शिवणकामाची कमिटी त्यांना द्यावी आणि मोकळे व्हावे, असा कित्येकांचा बेत. परंतु १८७६ मध्ये निवडून आलेल्या तिघी-चौघींनी तो बेत हाणून पाडला. त्यांत फ्लॉरेन्स फेनविक मिलर होत्या, वय अवघे २२. पुढल्या वर्षी लग्न झाले तरी त्यांनी माहेरचे नाव सोडले नाही. हेलन टेलर होत्या, तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांच्या सावत्र कन्या. आणि एलिझाबेथ सर होत्या.

या सरबाईंचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही, पण मला विचाराल तर बोर्डाच्या खुर्चीचे चीज केले ते यांनी. गुन्ह्याच्या वाटेला लागतील अशा किंवा निराधार मुलांसाठी 'औद्योगिक शाळा' असत. मुले तिथेच राहायची. त्यांच्या खर्चासाठी बोर्ड पैसे देई. अशाच सेंट पॉल नावाच्या एका शाळेत आग लागली आणि मुलांवर ती लावल्याचा आळ आला. मुलांनी आग का लावावी, हा प्रश्न सरबाईंनी सोडला नाही. खणत गेल्यावर बाहेर आले ते भयंकर होते. पोरे अर्धपोटी, थंडीत पुरेशा कपड्यांवाचून, आणि शिक्षा म्हणून हातात बेड्या. आणि या शाळेचा व्यवस्थापक कोण? तर बोर्डाच्या औद्योगिक शाळा कमिटीचाच अध्यक्ष! ज्याने तपासायचे त्याचीच शाळा. १८८१ मध्ये हे प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले, गृहमंत्र्यांनी चौकशी लावली आणि शाळा बंद पडली. हेलन टेलर यांनी या गृहस्थांवर उघड टीका केली, त्यांनी बदनामीचा दावा लावला, आणि १८८२ मध्ये बाईंना हजार पौंड मोजून तो मिटवावा लागला. कोर्टात शब्द न् शब्द शाबीत करणे जमले नाही, पण मुलांच्या हातांतल्या बेड्या निघाल्या. बोर्डात बायका नसत्या तर हे प्रकरण फायलीत दबून गेले असते, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

आणखी एक नाव आपल्या जिव्हाळ्याचे. १८८८ च्या जुलैत काडेपेटीच्या कारखान्यातल्या पोरींचा संप झाला, त्यांच्या पाठीशी ॲनी बेझंट उभ्या राहिल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या टॉवर हॅम्लेट्स भागातून स्कूल बोर्डाला उभ्या राहिल्या. हा भाग गोदीकामगारांचा, शिंप्यांचा, दारिद्र्याने गांजलेला. त्यांचे मागणे साधे होते: भुकेल्या पोराला अक्षर समजत नाही, आधी जेवण द्या. पंधरा हजारांहून अधिक मते घेऊन त्या पहिल्या आल्या. बोर्डाची छपाई, बांधकाम ज्या ठेकेदारांना द्यायचे त्यांनी कामगारांना रास्त मजुरी दिलीच पाहिजे, हा नियम त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी बोर्डाकडून मान्य करून घेतला. शाळेतल्या जेवणाचे काम मात्र त्यांच्या हयातीच्या बोर्डात पुरे झाले नाही. त्यासाठी १९०६ चा कायदा यावा लागला. १८९१ मध्ये त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. थिऑसफीने त्यांना ओढून घेतले होते. १८९३ मध्ये त्या हिंदुस्थानात आल्या, आणि १९१७ मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. होमरूलच्या सभा गाजवणारी ती वाणी लंडनच्या गल्ल्यांत शाळेसाठी मते मागतानाही कसाला लागलेली होती.

आता त्या दुसऱ्या दाराकडे येऊ. १९०० च्या सुमाराला देशात अडीच हजारांवर बोर्डे होती. काही उत्तम, काही नावापुरती. इतकी लहानमोठी बोर्डे, शिवाय धर्मसंस्थांच्या शाळा, त्यांची भांडणे. यापेक्षा सगळा कारभार कौंटी आणि नगर कौन्सिलांकडे द्यावा, असे सरकारने ठरवले. १९०२ चा कायदा झाला, लंडनसाठी १९०३ मध्ये वेगळा. व्यवस्थेच्या दृष्टीने त्यात पुष्कळ तथ्य होते, हे मान्य केले पाहिजे. माध्यमिक शाळांची सोय त्यामुळेच वाढली. पण कौन्सिलांवर बाईला निवडून जाण्याचा हक्क नव्हता! १८८९ मध्ये लंडनच्या कौंटी कौन्सिलवर लेडी सँडहर्स्ट निवडून आल्या होत्या, तेव्हा हरलेल्या उमेदवाराने कोर्टात जाऊन त्यांची निवड रद्द करवली होती. म्हणजे बोर्ड बुडाले की बायकांची खुर्चीही बुडाली. शिक्षण कमिटीत बायकांना घ्यावे, पण ते पुरुषांनी नेमून, स्वीकृत सदस्य म्हणून. चौतीस वर्षांत लंडन बोर्डावर २९ बायका बसल्या होत्या. १९०४ च्या एप्रिल अखेर बोर्डाचे दप्तर कौन्सिलकडे गेले. ज्या बाईने काल हजारो मते घेऊन खुर्ची मिळवली, तिने आज कोणाच्या तरी मेहेरबानीने कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचे. निवडून येणे आणि नेमले जाणे यांतला फरक आपल्या लोकल फंड कमिट्यांनी आपल्याला पूर्वीच शिकवला होता.

तो हक्क परत यायला १९०७ चा कायदा लागला. मार्च १९१० मध्ये लंडन कौंटी कौन्सिलची निवडणूक झाली, तीत दोन बायका निवडून आल्या. त्यांतल्या एक सुसान लॉरेन्स. जुन्या स्कूल बोर्डाच्या अखेरच्या चार वर्षांत त्या मेंबर होत्या, मध्ये काही काळ नेमलेल्या सदस्य म्हणून बसल्या, आणि आता पुन्हा मते मागून आल्या. त्यांचा मतदारसंघ होता पश्चिम मेरिलबोन. डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट अँडरसन त्या वेळी ७३ वर्षांच्या होत्या.